रिकामे किलोमीटर

कुंदा वैरागडे ॲपवरच्या गाडीनं कामाला जायला लागली, त्या आठवड्यापासून तिच्या घरासमोरचा रस्ता वाढू लागला. गाडी तिला घ्यायला कधी जरीपटक्याहून, कधी पार हिंगण्याहून रिकामी यायची. ते रिकामं अंतर कुठंतरी ठेवावंच लागतं. ड्रायव्हर ते फाटकासमोर ठेवायचे आणि कुंदाला घेऊन निघून जायचे. समोरच्या डाखोळेबाईंचं घर हाकेवर होतं, ते आधी लहान झालं, मग दिसेनासं झालं. मधल्या नव्या डांबरावर धूर बसून राही. दोरीवरचे कपडे राखाडी होत.

तिच्या नवऱ्याला, अरविंदला, रस्त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला ड्रायव्हरांचं वाटायचं.

"आजच्याची मुलगी नर्सिंगला लागली," कुंदा घरी आल्यावर सांगायची. "कालचा तबला शिकतोय, या वयात."

"आपली गाडी आहे ना दारात?"

"तुमच्या गाडीनं घर लहान होतं."

ते खरंच होतं. घरची गाडी रस्ता वाढवत नसे, पण दिवसभर उभी राहून भिंत आत रेटायची. तो कुंदाला सोडायचा-आणायचा, त्या काळात बैठकीत बसलं की दोघांचे गुडघे समोरच्या भिंतीला टेकत. अरविंदला तसं बरं वाटायचं. कुंदाला कूस बदलायची असली तरी आधी त्याला उठवावं लागे.

शेवटी त्यानं त्याच गाडीला टॅक्सीची पिवळी पाटी लावली, ॲपवर नाव घातलं आणि सकाळीच बाहेर पडून वर्धा रोडला थांबला. कुंदाचं बुकिंग त्यालाच आलं. त्यानं गाडी वळवली आणि सगळे ड्रायव्हर करतात तसा फोन केला.

"कुठं उभ्या आहात, मॅडम?"

"फाटकाशीच आहे, दादा. सावकाश या. चहा झाला का सकाळचा?"

तिनं आवाज ओळखला नाही. इतक्या मऊ सुरात तिनं त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

"नाही झाला. घरी कुणी विचारत नाही."

"तुम्ही विचारता का कुणाला?"

"नाही. भीती वाटते."

"कसली हो?"

"ती खरं काय ते सांगेल, याची."

कुंदा हसली. अगदी मोकळं, जवळच्या माणसापाशी हसावं तसं. तेवढ्यात त्याला फाटक दिसलं. फोन कानाला लावून ती उभी होती. गाडी रिकामीच होती, त्यामुळे चाकांखालून जाणारा रस्ता तिच्या पुढ्यात जाऊन पडत होता.

"अजून बोला ना," ती म्हणाली.

ती ज्याच्याशी बोलत होती त्या माणसाचा अरविंदला असा काही मत्सर वाटला, की त्यानं ॲक्सिलरेटर पार खालपर्यंत दाबला. समोर कुंदा आगकाडीएवढी झाली, मग टाचणीएवढी. कानात ती हसतच होती.