न हललेला काटा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचं एक जुनं यंत्र आहे. दंडाला बांधायची पट्टी, रबरी फुगा आणि काट्याची तबकडी, एवढाच माझा संसार.

गरोदर बायकांच्या तब्येतीचं मोठं संशोधन निघालं, तेव्हा मी एका आरोग्यताईंच्या हाती आलो. ताई मला घेऊन टेकडीवरच्या वस्तीत घरोघर हिंडायच्या. मोजण्याआधी म्हणायच्या, "पाच मिनिटं गप्प बस." बायका म्हणायच्या, "त्यानंच चढेल की हो!" पण बसायच्या. माझा काटा थरथरला की अख्खं घर श्वास रोखायचं. इतका मान मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे कचेरीतल्या साहेबांनी फर्मावलं, रकाना रिकामा दिसता कामा नये. टेकडी चढून ताईंचे गुडघे गेले होते. मग त्या महिन्याभराचे कागद घरीच, एका बैठकीत, भरू लागल्या. सगळ्यांना एकशे वीस-ऐंशी. इतकी ठणठणीत वस्ती जगात दुसरी नसेल. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी पिशवीत. आकड्यांखाली मात्र 'यंत्राने मोजले' असं लिहिलेलं.

वस्तीतल्या इस्त्रीवालीला आठवा महिना होता. एकदा ती रस्त्यात ताईंना म्हणाली, "डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पट्टी बांधता का?"

"परवाच तर मोजलंय तुझं. हे बघ, अगदी छान आहे."

"परवा मी माहेरी होते."

"मग तेरवा असेल. कागद खोटं बोलतो का?"

ती हसली. म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल." तिच्यापासून हातभर अंतरावर, बंद पिशवीत, मी होतो.

तिसऱ्या दिवशी इस्त्री करता करता तिला झटके आले. दवाखान्यातल्या यंत्रानं एकशे ऐंशी दाखवले. ती वाचली. बाळ गेलं.

संशोधन संपलं तेव्हा सभा झाली. फलकावर माझा फोटो होता. साहेब म्हणाले, "एकही रकाना रिकामा नाही." टाळ्या पडल्या. मागून इस्त्रीवाली उठली.

"साहेब, माझा शेवटचा कागद वाचा."

साहेबांनी कौतुकानं वाचला. "तारीख अठरा. एकशे वीस-ऐंशी. बाळाची हालचाल उत्तम."

"अठराला मी दवाखान्यात बेशुद्ध होते. बाळाला पुरून दोन दिवस झाले होते."

ताईंनी मान खाली घातली. साहेब कागद उलटून पाहू लागले, जणू मागच्या बाजूला बाळ सापडेल.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. रबर आहे, विरणारच. पण तुमच्या आईच्या दंडाला पट्टी न बांधता कुणी आकडा लिहू लागलं, तर खुशाल उद्धट व्हा आणि विचारा, "काकू, काटा कधी हलला?"