उभ्या मशीनचं रबर

बारामतीत धूळ मुबलक आहे. उसाच्या ट्रॉल्यांची आहे, रस्त्यांच्या कामाची आहे आणि काम निघालेलं नाही अशा रस्त्यांचीही आहे. त्यामुळं धूळ ओढणारी यंत्रं जमवायला याहून योग्य गाव सापडणार नाही, असं बुद्धघोषरावांचं मत होतं. मत बरोबर होतं. फक्त त्यांची यंत्रं धूळ ओढत नव्हती.

बुद्धघोषराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कालव्यावरच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कपाटं घेतली. यांनी एक उभं व्हॅक्यूम क्लीनर घेतलं. खाली ॲल्युमिनियमचं जड डोकं, पुढं मोटारसायकलसारखा दिवा, वर दांडा आणि दांड्याला टांगलेली कापडी पिशवी. विलायतेत बनलेलं, वयानं साधारण त्यांच्याएवढंच. दुसरी बोली आली नाही. ही आपल्या पारखी नजरेची पावती आहे, असा त्यांनी अर्थ काढला.

पुढं पुण्याच्या बंगल्यांतून निघालेलं भंगार डाळजला हायवेवर यायचं, तिथून एकेक करत अशी नऊ झाली. एकदा लोणी भापकरहून फोन आला, "जुनं व्हॅक्यूम मशीन हाय, येऊन बघा." बुद्धघोषराव रिक्षा करून गेले. ते म्हशीची धार काढायचं मशीन निघालं. मालकाचीही चूक नव्हती. त्या गावात व्हॅक्यूम म्हटलं की लोकांना धारच आठवते. दोघांनी चहा घेतला आणि एकमेकांना समजावलं की आपलं यंत्र जास्त उपयोगी आहे. मालकाचं खरं होतं.

यंत्र घरी आलं की ते खोलायचं, घासायचं, डोकं आरशासारखं करायचं, पिशवीचे टाके जुन्याच धाग्यानं भरायचे. बुद्धघोषरावांचा एकच नियम होता : सगळं मूळचं हवं. नवा स्क्रूसुद्धा चालत नसे. मोटर तेवढी चाँदभाईंच्या दुकानात वायंडिंगला जायची. तांबं इथूनतिथून तांबंच, म्हणून तेवढी सूट होती. पण या यंत्रात मोटरीवरून खालच्या गोल ब्रशला फिरवणारं एक रबर असतं. बोटभर रुंद, वाटीच्या तोंडाएवढं. रबर म्हातारं झालं की तुटतं. नऊ यंत्रांत मिळून मूळचं रबर एकच उरलं होतं, ते पहिल्या यंत्रात. बाकी आठ नुसती गुरगुरायची.

पहिलंही कधी कामाला आलं नव्हतं, कारण ते गालिच्यासाठी बनलेलं. फरशीवर ते धूळ पुढं ढकलायचं. एकदा सतरंजीवर चालवलं तर सतरंजीचे गोंडे खाऊन बसलं.

मुलगी तेजश्री फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्यांच्या दवाखान्यात नोकरी करून ती कंटाळली होती. तिला स्वतःचा दवाखाना काढायचा होता आणि घराची पुढची खोली हवी होती. त्या खोलीत नऊ यंत्रं ओळीनं उभी होती.

"पप्पा, मी पेशंटला काय सांगू? या नऊ जणांचा नंबर आधी हाय म्हणून?"

"तेजू, हा वारसा आहे."

"कुणाचा? आपल्या आज्जीनं आयुष्यभर केरसुणी वापरली."

शेवटी तिनं निवाडा दिला. जे यंत्र खरोखर काही साफ करून दाखवेल, ते घरात राहील. उरलेली शनिवारी डाळजच्या भंगारवाल्याच्या टेम्पोत. टेम्पोला तिनं सांगूनही टाकलं होतं.

बुद्धघोषराव चाँदभाईंच्या दुकानात जाऊन बसले. चाँदभाई एका पाणबुडी मोटरीच्या पोटात हात घालून बसले होते.

"चाँदभाई, बारामतीत गालिचा कुणाकडं असेल? भिंतीपासून भिंतीपर्यंत?"

"पुढाऱ्यांकडं आसंल. पर तितं आत सोडनार न्हाईत, आन् सोडलं तर भाईर सोडनार न्हाईत." चाँदभाईंनी हात पुसले. "आमच्या सणसरच्या मशिदीत हाय की. हिरवा. ह्या भिंतीपास्नं त्या भिंतीपातूर. जमातीत मी इचारतो. उद्या बेस्तरवार, दुपारच्या नमाजनंतर या. जुम्म्याच्या आधी झाडलोट हुतीच."

गुरुवारी दुपारी पहिलं यंत्र टेम्पोरिक्षात मांडीवर घेऊन बुद्धघोषराव सणसरच्या मशिदीत पोचले. चाँदभाई आधीच आले होते. निवाडा करायला तेजश्री स्कूटीवरून मागोमाग आली आणि दाराशी उभी राहिली. मशिदीची झाडलोट करणारे अफजलचाचा केरसुणी हातात घेऊन, कंबरेत वाकून बघत होते. चाचा केरसुणी नसतानाही वाकलेलेच असत.

"सायेब, ह्यो गालिचा मी रोज झाडतो," चाचा म्हणाले. "ह्यात काय घावनार न्हाय तुमास्नी."

"नाहीच घावणार. नुसतं बघू."

बटण दाबलं. दिवा लागला. यंत्र असं ओरडलं, की बाहेर बांधलेली शेळी दावं तोडून गेली. बुद्धघोषरावांनी भिंतीपासून दारापर्यंत एक पट्टा ओढला आणि बंद केलं.

पट्टा हिरवा होता. म्हणजे गालिचा हिरवा होता, हे त्या क्षणी कळलं. बाकीचा गालिचा मातीच्या रंगाचा होता आणि इतकी वर्षं सगळे त्यालाच हिरवा म्हणत होते.

"या अल्ला," चाँदभाई म्हणाले.

"म्हंजी मी काय उकिरडा ठिवला हुता व्हय?" चाचांचा आवाज चढला.

"तसं नाही चाचा, केरसुणी वरचं काढते, हे आतलं..."

"आतलं काडायला कुनी सांगितलं हुतं?"

प्रश्न रास्त होता. पण आता थांबता येत नव्हतं. एक पट्टा साफ केला की बाकीचं सगळं घाण होतं. बुद्धघोषराव पट्ट्यामागून पट्टा ओढत गेले. पिशवी फुगली, तीनदा अंगणात रिकामी केली. तेजश्रीनं रुमाल नाकाला लावला, पण ती हसत होती. निम्मा गालिचा झाला आणि टप्प असा आवाज आला. मोटर फिरत राहिली, ब्रश थांबला.

रबर तुटलं होतं. मूळचं, शेवटचं.

बुद्धघोषरावांनी त्याचे दोन तुकडे तळहातावर घेतले. अर्धा गालिचा पोपटासारखा, अर्धा नांगरलेल्या शेतासारखा. थोड्या वेळात अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज. दुसऱ्या दिवशी जुम्मा, अख्खं गाव येणार.

"आता?" तेजश्रीनं दारातून विचारलं. "चाललं म्हणायचं का बंद पडलं म्हणायचं?"

"बंद पडलं तर बंद पडलं," चाँदभाई म्हणाले. "येक रबर तर हाय. आसंच दोन इंची पाइपाच्या जोडात बसतं, स्प्रिंकलरचं. कोपऱ्यावर शेतीच्या दुकानात मिळतंय. तुमी आयुष्यभर पाइपच मोजले की."

"यात? स्प्रिंकलरचं रबर? मग ते मूळचं राहणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. मूळचंच ऱ्हाऊ द्या. उद्या जुम्म्याला मी दारात हुबा राहून सांगतो, भावांनो, अर्द्या गालिच्यावर दाटीवाटीनं बसा, मशीन मूळचं हाय."

शुद्धतेसाठी बुद्धघोषरावांनी आजवर आठ यंत्रं लंगडी ठेवली होती. नववंही लंगडं ठेवलं असतं तर शुद्धतेला काहीच धक्का नव्हता. फक्त शनिवारी नऊही शुद्ध यंत्रं डाळजला गेली असती.

"कुणाला तरी पाठवा दुकानात," ते म्हणाले. "दोन इंचीच सांगा."

काळं रबर आलं. ते बसवताना त्यांनी मान फिरवली होती, असं तेजश्री पुढं सांगत असे. बटण दाबलं. ब्रश पहिल्यापेक्षा जोरात फिरला. रबर नवं होतं, एवढंच कारण. पण ते बोलून दाखवायला बुद्धघोषराव तयार नव्हते.

आणखी दोन पट्टे झाल्यावर चाचांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"द्या हिकडं. मशीद माजी हाय झाडायची."

त्यांनी दांडा धरला आणि चालू लागले. पुढं, मागं, पुढं. तेजश्रीनं रुमाल खाली घेतला. तिची नजर गालिच्यावर नव्हती, चाचांच्या पाठीवर होती.

"चाचा, कंबर दुखती का?"

"धा वर्सं झाली, बाय."

"आत्ता?"

चाचा थांबले. त्यांनी विचार केला. "आत्ता वाकलोच न्हाय की," ते म्हणाले आणि पुन्हा चालू लागले.

अस्रला आलेल्या लोकांनी चपला नेहमीपेक्षा लांब काढल्या. नमाज झाल्यावर चाचांनी पायाच्या टाचेनं यंत्र आपल्या खोलीकडं सरकवलं. चाँदभाईंनी छताकडं पाहिलं.

"पप्पा," तेजश्री हळू म्हणाली, "ते इथंच राहू द्या. केरसुणी धरून हे पुन्हा वाकले तर मी कितीही पट्ट्या बांधल्या तरी उपयोग न्हाय."

"अगं, पण तूच म्हणालीस, जे चालेल ते घरात राहील."

"म्हणाले होते."

"मग?"

"मग ते चाललं, हीच अडचण झाली. चालणारं यंत्र तुमच्या घरात कशाला राहील? तिथं गालिचा कुठं हाय?"

बुद्धघोषरावांनी खोलीच्या दारातून आत पाहिलं. चाचा धोतराच्या सोग्यानं दिव्याची काच पुसत होते. त्या दिव्याला बुद्धघोषराव सोडून आजवर कुणी हात लावला नव्हता. चाचा बरोबर पुसत होते, गोल गोल, हलक्या हातानं.

"चाचा," ते म्हणाले, "पिशवी धुवायची न्हाय. नुसती झटकायची."

"बरं."

"आणि रबर तुटलं तर..."

"कोपऱ्यावर मिळतंय. ठाव हाय मला."

घरी जाताना स्कूटीवर मागं बसून त्यांनी हिशेब केला. आठ यंत्रं राहिली. लंगडी ठेवली तर शनिवारी भंगारात जातील. चालती केली तर अशीच एकेक करत जातील. मंगल कार्यालयात जातील, कापड दुकानाच्या गादीवर जातील, कुणाच्या तरी दुखऱ्या पाठीकडं जातील. खोली रिकामी होणार, हे दोन्हीकडून ठरलेलं होतं.

"तेजू, टेम्पोवाल्याला सांग, येऊ नको म्हणून."

"आणि खोली?"

"मिळेल. जरा दम धर."

शुक्रवारी सकाळी बारामतीतलं शेतीच्या सामानाचं दुकान उघडलं तेव्हा बुद्धघोषराव पायरीवर होते. दोन इंची स्प्रिंकलरची आठ रबरं मागितली.

दुकानदारानं डबा काढला. "किती एकराला लावायची, सायेब?"

"एका खोलीला," बुद्धघोषराव म्हणाले.