पडद्यामागची डिस्क

मालेगावच्या बसस्टँडजवळ उज्ज्वलाचा फोटो स्टुडिओ आहे. तिथला ऑल-इन-वन संगणक तिच्या वडिलांनी, धनराजनी, बारा वर्षांपूर्वी अकोल्याहून आणला होता. पडदा अन् मशीन एकाच अंगात, टेबलाखाली डबा नाही. लोक नुसतं पाहायला यायचे. पुढं कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, सुटे भाग मिळेनासे झाले. धनराज गेल्यावरही उज्ज्वला त्यावरच काम करायची.

एका सकाळी पडदा काळा पडला. थोड्या वेळानं रिठद गावची रुपाबाई आली. तिची लेक सपना महिन्यापूर्वी अपघातात गेली होती. सपनाच्या लग्नाचा व्हिडिओ धनराजनीच काढलेला.

"घरचा पेनड्राइव्ह खराब झाला, पोरी. तुह्यापाशी असन न?"

"असन, मावशी. पण ह्याले खोलावं लागते."

पडद्याची काच कडेनं चिकटवलेली होती. उज्ज्वला हेअर ड्रायरनं डिंक गरम करत पातळ पट्टी आत सरकवू लागली. कोपऱ्यात कट्ट झालं, तडा गेला. ती थांबली नाही. आतली डिस्क काढून तिनं लॅपटॉपला जोडली.

"हा कायचा आवाज येऊन राह्यला?"

"डिस्कचा. कदी बंद पडन, सांगता येत नाई."

दोन फोल्डर दिसले, 'सपना लग्न' आणि 'घर'. सदा कॅमेऱ्यामागं राहणारे धनराज ज्यात स्वतः दिसत, असा एकमेव व्हिडिओ 'घर'मध्ये होता. उज्ज्वलाचं बोट त्यावर थांबलं. रुपाबाईला वाचता येत नव्हतं; आधी कोणतं घेतलं ते तिला कळलं नसतं.

"सपनाचं लेकरू लहान हाय," ती म्हणाली. "त्याले त्याची माय कशी दाखवू?"

उज्ज्वलानं 'सपना लग्न' आधी लॅपटॉपवर उतरवायला घेतलं. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकली, अडकली, डिस्कची टकटक वाढली. रुपाबाईनं तिचा खांदा घट्ट धरला. पट्टी पुन्हा हलली आणि काम झालं.

लगेच उज्ज्वलानं 'घर' ओढलं. डिस्क एकदा किरकिरली अन् गप्प झाली. तिनं केबल बदलून पाहिली, पुन्हा पुन्हा जोडली. काहीच दिसेना.

"तुमचं आलं, मावशी."

"अन् तुह्यं काय गेलं?"

उज्ज्वलानं केबल बाजूला ठेवली. तिनं व्हिडिओ लावला. हळदीनं माखलेली सपना तोंड लपवत हसत होती. कॅमेऱ्यामागून कोणी म्हणालं, "इकडं पाह्य, बेटा. लाजतं कायले?"

रुपाबाईनं डोळ्याला पदर लावला. "धनराजभाऊच बोलून राह्यले न?"

उज्ज्वलानं होकारानं मान हलवली. मग त्या आवाजाचा तेवढाच तुकडा तिनं पुन्हा लावला.