एलिश फेरिटरची वाट

घोडागाडी थांबली तशी गोबनेट पुढे सरसावली. साठी उलटलेल्या आईला उतरताना त्रास नको म्हणून तिने घरून एक लाकडी खोकं आणलं होतं, ते दाराखाली सरकवलं. आधी दारूचा व्यापारी उतरला, मग भाजीमळेवाला चिनी म्हातारा टोपल्यांसकट. शेवटी एक अठरा-एकोणीस वर्षांची पोर त्या खोक्यावर पाय ठेवून खाली आली. गोबनेटने गाडीत डोकं घालून पाहिलं. बाकं रिकामी होती.

"गोबनेट आत्या?" मागून ती पोर म्हणाली. "मी एलिश. मॉरिसची धाकटी."

मरिंगल गावात गोबनेट हे नाव कोणी घेत नसे. इंग्रजांच्या जिभेला ते जड. ती जिथे धुणं धुवायची त्या डॉक्टरीणबाईंनी तिची ॲबी करून टाकली होती आणि ऑस्ट्रेलियात वीस वर्षं ती ॲबी म्हणूनच वावरत होती. आईच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायचं, एवढ्यासाठी तिने हा सगळा घाट घातला होता.

घाटच म्हणायचा. म्हाताऱ्यांना सरकारी खर्चाच्या बोटीवर घेत नाहीत, हे शेजारच्या किटी लूनीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून बोटीच्या कचेरीतल्या कारकुनाने आणायच्या माणसाचं नाव विचारल्यावर तिने 'एलिश फेरिटर' असं ठणकावून सांगितलं आणि वय विचारल्यावर वेड पांघरलं. तिकडे आमच्या मुलखात, केरीत, वय कोण लिहून ठेवतं साहेब, म्हणाली. त्याने कंटाळून ती जागा कोरी सोडली. किटी आणि ती घरी येईपर्यंत हसत होत्या.

आता केरीत दुसऱ्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवतात, हे गोबनेटला ठाऊक नव्हतं असं नाही. भावाला, मॉरिसला, दोन मुली आहेत, हेही ठाऊक होतं. पण तिच्या लेखी जगात एलिश फेरिटर एकच होती.

दोघी चालत घरी आल्या. डनलने, तिच्या नवऱ्याने, बटाटे उकडून ठेवले होते. दारात पोर दिसताच बिचारा काय ते समजला. त्याने चुलीजवळची उशी घातलेली खुर्ची हळूच भिंतीला लावली आणि पोरीला बाकावर बसवलं. तिने बटाटा सोलला, पण खाल्ला नाही.

"तुला कोणी बोलावलं होतं?" गोबनेट शेवटी म्हणाली.

"कोणी नाही," पोर म्हणाली. "आजीने पाठवलं. म्हणाली, मी जाऊन तिच्या चुलीपाशी चार वर्षं बसेन नि मरेन. पोरीपुढे सगळा जन्म पडलाय. कागदावर वय नाही, ती जागा देवानेच सोडलीय."

"देवाने नाही. मी सोडली होती. माझ्या आईसाठी."

डनलने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. पोरीचा काय दोष, हे तिला कळत होतं. तरी राग आवरेना. आता आई या जन्मात दिसायची नव्हती.

मग तिने खाली बघतच विचारलं, निघायच्या आदल्या रात्री घरात बसले होते का सगळे. समुद्रापार जाणारं माणूस परत दिसत नाही, म्हणून तिकडे त्याला मेल्यासारखं धरून रात्रभर बसतात, त्याचं नाव घेऊन सूर लावून रडतात. गोबनेटसाठी कोणी बसलं नव्हतं. बटाटे शेतातच कुजले त्या दुष्काळाच्या वर्षांत तिला सरकारी आश्रयगृहातून परस्पर बोटीत घातलं होतं, आणि तेव्हा खऱ्या मेलेल्यांसाठी रडायलाही कोणात त्राण नव्हतं.

"बसले होते," पोर म्हणाली. "आजीच रडली. पण माझं नाव नाही घेतलं तिने. माझी गोबनेट, माझी सोळा वर्षांची गोबनेट, असंच रात्रभर. बाबा म्हणाला, आई, जातेय ती एलिश. तर म्हणाली, माहितीय मला. हिला उद्या रडेन. आधीची राहिलीय."

गोबनेटने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

"कसं म्हणत होती?" ती म्हणाली. "म्हणून दाखव मला."

पोर गोंधळली. तिने डनलकडे पाहिलं, त्याने मान डोलावली. मग तिने डोळे मिटले आणि अडखळत सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला सूर सापडला. तो गोबनेटच्या आईचा होता, शेवटी किंचित चिरकणारा. गोबनेट हात मांडीवर जुळवून, न हलता ऐकत राहिली. वीस वर्षांचं रडू आता तिच्या गालांवरून वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

किटी लूनी म्हातारीला भेटायला लोण्याचा गोळा घेऊन आली ती याच वेळी. दारातच थबकली. कोण गेलं, हे तिने विचारलं नाही. शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि गोबनेटच्या पायाशी जमिनीवर बसली.