लाखी गाभण राहिली नाही

गोडदेवात इमारतींच्या मधोमध रामनाथचा गोठा अजून उभा होता आणि त्यात लाखी ही एकच म्हैस उरली होती. तिला पारडी व्हावी, गोठा चालता राहावा, एवढंच त्याला हवं होतं. त्याची सून सलोनी रेत गोठवणाऱ्या एका खासगी केंद्रात तपासणीचं काम करायची. तिनेच चांगल्या रेड्याच्या गोठवलेल्या रेताची कांडी, म्हणजे बारीक नळी, आणली आणि लाखी माजावर आल्यावर डॉक्टरांकडून भरवून घेतली.

लाखी गाभण राहिली नाही. उलट तिच्या अंगावरून पू जाऊ लागला. डॉक्टरांनी इंजेक्शनं बदलून पाहिली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी सलोनीने तो पू केंद्रात नेऊन तपासला, त्याच रेड्याची एक शिल्लक कांडीही वितळवून पाहिली. दोन्हींत सारखेच हिरवट जंतू वाढले. तिच्याकडचं एकही अँटिबायोटिक त्यांच्यावर चालेना.

ती केंद्राच्या मालकांकडे, धर्मेशकडे गेली. त्यांना नवल वाटलं नाही. त्या रेड्याच्या रेतात जंतू सापडतात हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पण रेत फेकून द्यायचं, भांडी नि जागा स्वच्छ करायची, ते राहिलं बाजूला. धर्मेश रेतात मिसळायचं अँटिबायोटिकच वाढवत गेले. कच्चे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. आता त्या कांड्या विकणार नाही, असं ते म्हणाले. विकल्या गेलेल्यांबद्दल मात्र कुठे बोलायचं नाही, असं त्यांनी तिला बजावलं.

त्या कांड्या वापरू नका, हे सांगायला सलोनीने वसई-विरारच्या गोठेवाल्यांना फोन केले. बहुतेकांनी कांड्या वापरून टाकल्या होत्या. धर्मेशना कळलं तेव्हा त्यांनी तिला कामावरून काढलं.

घरी येऊन तिने सासऱ्याला सगळं सांगितलं. रामनाथ लाखीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होता.

“आता कंचं औषद हाय?”

“कुठलंच नाही, बाबा.”

“मंग तिला येवढ्या सुया कशाला टोचल्या?”



लाखीने चारा सोडला, मग पाणी. ती गेली तेव्हा रामनाथने दावं सोडलं आणि तिथेच बसून राहिला. जेवायलाही उठला नाही.

त्यानंतर विरारहून एका बाईचा फोन आला. तिच्या पहिलारू म्हशीला तसाच पू जात होता. कुठलं इंजेक्शन देऊ, एवढंच ती विचारत होती. सांगायला सलोनीकडे एकाही औषधाचं नाव नव्हतं, तरी तिने त्या बाईचं बोलणं मध्येच तोडलं नाही, संपेपर्यंत ऐकत राहिली.