यादीतला पहिला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शिवणयंत्राच्या शेजारी, कोपऱ्यात माझी जागा. अंगावर धूळ, पंख्याला घरघर. खरं सांगू? मी आता फार थकलो आहे.

मामाने मला सुटे भाग जोडून उभे केले. त्याची बहीण, म्हणजे या घरातली आई, आजारपणात वाचा गमावून बसली होती. तिच्यासाठी त्याने बटणांची पेटी बनवली. बटण दाबले की पेटी मामाच्या आवाजात बोलायची. मामा प्रोग्राम लिहायचा आणि तो पेटीला समजेल असा करून देणारा कंपायलर माझ्यात होता. फुकटचा, सर्वांसाठी खुला, पण कामाला चोख! तेव्हा माझे कोण कौतुक! मामा वारला आणि माझ्यावर कपड्यांचे ढीग चढले.

गेल्या महिन्यात पेटीतली चिप जळाली. आई टाळ्या वाजवून हाका मारू लागली. थोरल्या मुलीने नवी चिप आणली, तिला लागणारा नवा कंपायलर माझ्यात घातला. मामाचा प्रोग्राम नव्या चिपसाठी करायला सांगितला, तर मी पडद्यावर म्हणालो, "ही चिप ओळखीची नाही." तिने तो काढला, पुन्हा घातला. चार दिवस हेच! माझी हाडे खिळखिळी झाली.

चूक साधीच होती. कोणता प्रोग्राम कुठे राहतो, त्या पत्त्यांची यादी माझ्याकडे असते. ती मी वरून वाचतो आणि पहिला कंपायलर भेटला की थांबतो. वर मामाचा जुना होता, नवा तळाशी. मला सगळे दिसत होते, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. आईचे दुःख मला तेव्हा कळले.

"तायडे, उत्तर कोणता कंपायलर देतोय, ते तरी विचार त्याला," धाकटी वैतागून म्हणाली.

थोरलीने विचारले. मी जुना पत्ता सांगितला.

"अगं बाई! हा अजून मामाच्याच दारात जातोय!"

ती जुना पुसायला निघाली, तर आईने तिचा हात धरला. मग थोरलीने नवा पत्ता फक्त वर सरकवला. काम एका दमात झाले.

मित्रांनो, जुन्या यंत्रावर चिडण्याआधी त्याला एकदा विचारत जा. आणि अधूनमधून धूळ पुसा.

आईने माझ्यावरचे कपडे उचलले आणि पेटीचे बटण दाबले.

"दमलात ना? बसा जरा," मामाचा आवाज म्हणाला.

ते मुलींसाठी असेल. मी मात्र माझ्यासाठीच धरले.