एकतीस फाटे आणि सातवा भाग

दादाच्या यकृताने हात टेकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बारकीला वॉर्डाबाहेर बोलावून स्पष्टच सांगितलं. "आठवडा, फार तर दहा दिवस. आणि शेवटपर्यंत ते शुद्धीत राहतील असं नाही. यकृत थांबलं की अंगातलं विष डोक्यात चढतं, मग माणूस ओळखत नाही. काय बोलायचंय ते आत्ता बोलून घ्या."

बोलायचं काय? बारकी घरी गेली, दादाच्या पलंगाखालचा गठ्ठा ओढून काढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीत भरून दवाखान्यात घेऊन आली. अडतीस कॉमिक्स. ‘महाप्रलय : अंतिम पर्व’. तीन वर्षांपूर्वीही एक महाप्रलय येऊन गेला होता आणि तोही अंतिमच होता, पण ते असो.

दादा बावन्न वर्षांचा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. बारकी त्याच्याहून सात वर्षांनी धाकटी, पहाटेपासून दुपारपर्यंत बेकरीच्या भट्टीपुढे उभी राहणारी. एवढ्या घोड्यांना कॉमिक्स शोभतात का, असं विचारायचं असेल तर खुशाल विचारा. वहिनीनेही विचारलं होतं, सोडून जायच्या आधी.

तर महाप्रलय म्हणजे काय, की एरवी आपापल्या कॉमिकमध्ये सुखाने मारामाऱ्या करणारे सगळे महानायक एकाच संकटावर तुटून पडतात. मुख्य कथा सात भागांची. मग तिला फुटलेले फाटे, म्हणजे त्याच वेळी कुठला नायक कुठे काय करत होता त्याची वेगळी कॉमिक्स. या खेपेला एकतीस. फाट्यांत कामाचं काही नसतं, ते निव्वळ खपासाठी काढतात, हे दादालाही पक्कं ठाऊक होतं. पण मागच्या कव्हरवर वाचायचा क्रम छापलेला असतो आणि भावाबहिणीचा लहानपणापासूनचा नेम होता : क्रम मोडायचा नाही, आणि सगळे फाटे संपल्याशिवाय सातव्या भागाला हात लावायचा नाही.

दादाला आता अक्षरं दिसत नव्हती. बारकी वाचायची, चित्रं तोंडाने सांगायची. भेटायची वेळ दोन ते पाच. रोज पाच कॉमिक्स व्हायची.

"दादा, हे काय आहे रे?" तिसऱ्या दिवशी ती वैतागली. "वर आभाळ फाटलंय, शहरं बुडतायत, आणि हा महानायक धुक्या अख्खं कॉमिकभर शेजाऱ्याचा कुत्रा शोधतोय!"

दादा हसायला लागला. हसता हसता पोट धरून कण्हला आणि पुन्हा हसला. "भिकार आहे गं. पार भिकार आहे. सापडला का कुत्रा?"

"सापडला."

"मग झालं तर. चल, पुढचा घे."

चौथ्या दिवशी ते मोठं चित्र आलं. दोन पानं जोडून एकच, आणि त्यात एकशे चौदा महानायक. दादाने एकेक सांगायला लावला. "डाव्या कोपऱ्यात एक टकला आहे," बारकी म्हणाली. "टकला? पिवळा पट्टा आहे का त्याला? अगं, दगड्या तो! बारा वर्षं कुठे मेला होता!" दादाचे पिवळे पडलेले डोळे भरून आले. "सगळे आले बघ. कथेचा पत्ता नाही, पण आले सगळे." त्या वॉर्डात दादाला भेटायला बारकीशिवाय कुणी फिरकलं नव्हतं.

त्या दिवशी तिने विषय काढलाच. "दादा, फाटे सोडू या का? सरळ सातवा वाचते."

"का? घाई काय आहे?"

तिने गुपचूप दोन फाटे गाळले आणि पुढचा भाग सुरू केला. चार पानं झाली नाहीत तोच दादा म्हणाला, "थांब. धुक्याचा हात कधी मोडला? बारके, लबाडी करतेस?" लहानपणी पकडली जायची तशी ती पकडली गेली. मुकाट मागे आली. मनात म्हणाली, असू दे, हिशेब बसतोय. आठव्या दिवशी संपेल.

सातव्या दिवशी साडेचारला पस्तिसावं कॉमिक संपलं. राहिले दोन फाटे आणि सातवा भाग. दादा टक्क जागा होता, पाणी प्यायला, दगड्याबद्दल दोन शिव्या हासडल्या. अर्धा तास हातात होता. सातवा भाग अर्ध्या तासात आरामात झाला असता. बारकीने पिशवीत हातसुद्धा घातला.

"उद्या," दादा म्हणाला. "दोन फाटे, मग शेवट. नेम म्हणजे नेम."

आणि त्या वेडीने ऐकलं! पिशवीला गाठ मारली आणि परिचारिकेने हाकलायच्या आधीच उठली.

आठव्या दिवशी ती आली तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता. तिला बघून त्याने पाय जवळ घेतले. "या, बसा बाई," तो अदबीने म्हणाला. "मशीन आणलंय का? टाका सुटतोय?"

जन्मात त्याने तिला अहो-जाहो केलं नव्हतं. बारकी तशीच उभी राहिली. मग खाली बसली, फाटे बाजूला ठेवले आणि सातवा भाग उघडला. पहिल्या पानापासून वाचला, एकूण एक चित्र सांगितलं. शेवट नेहमीसारखाच. कुणीतरी काळ उलटा फिरवला आणि मेलेले सगळे उठून घरी गेले. तिने मान वर करून बघितलं. दादा ऐकत होता, पाहुण्याचं ऐकावं तसं, मान डोलावत.

"दादा, संपलं रे," ती म्हणाली. "महाप्रलय संपला."

"बरं, बरं." तो तिच्या तोंडाकडे काळजीने बघत राहिला. "रडता का बाई? तुमचं कुणी आहे का इथे?"

"भाऊ आहे."

"बरा होईल ना?"

"नाही," बारकी म्हणाली.

"अरेरे," दादा म्हणाला, आणि तिला पाणी द्यायला चाचपडत ग्लास शोधू लागला.